घरच्यांना आमंत्रण लागतं का?

१ मार्च १८४१ रोजी इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीच्या वळणावर वसलेल्या नॉवू शहराच्या कौन्सिलने धर्मस्वातंत्र्याचा एक कायदा केला. शहर मॉर्मन या तेव्हा नव्याच निघालेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं, कौन्सिलही त्यांचंच. शेजारच्या मिसुरी राज्याच्या गव्हर्नरने ऑक्टोबर १८३८मध्ये ‘यांना राज्याबाहेर घालवा, नाहीतर नाहीसं करा’ अशा अर्थाचा लेखी हुकूम काढून त्यांना हाकललं होतं. धर्मापायी छळ म्हणजे काय, हे या मंडळींना कुणी शिकवायला नको होतं. कायदा तसा मोकळ्या मनाचा आहे. कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, लॅटर-डे सेंट्स म्हणजे ते स्वतः, क्वेकर, एपिस्कोपल, युनिव्हर्सलिस्ट, युनिटेरियन आणि मोहमेडन अशी नावं एकामागून एक घेतली आहेत आणि शेवटी ‘इतर सर्व पंथ’ असं म्हटलं आहे. या सगळ्यांना शहरात सारखी मोकळीक. दुसऱ्याच्या धर्माची टवाळी करणाऱ्याला पाचशे डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

१८४१ साली इलिनॉयमध्ये मुसलमान शोधूनही सापडला नसता, तरी त्याचं नाव आहे. ज्यूंचं नाही.

मी हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा काही नजरेतून निसटलं असेल म्हणून पुन्हा वरून वाचला. कारण ज्यांच्या गावाचं नावच हिब्रू होतं, ते लोक ज्यूंना विसरतील कसे? ‘नॉवू’ हा शब्द मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातून उचलला होता. डोंगरावरून येणाऱ्या सुवार्तिकाचे पाय ‘मनोहर’ दिसतात, त्यातला तो ‘मनोहर’. कायदा मंजूर झाला त्या महिन्यात ऑर्सन हाइड नावाचा त्यांचा एक प्रेषित (मंडळीच्या बारा प्रमुखांपैकी एक) जेरुसलेमच्या वाटेवर निघालेला होता, तोही ज्यूंच्याच कामासाठी. मग यादीत ‘मोहमेडन’ आठवतो आणि ‘ज्यू’ आठवत नाही, याचा अर्थ काय लावायचा?

वैर म्हणून वगळलं, हे संभवत नाही. ‘इतर सर्व’ मध्ये ज्यू येतातच. माझा तर्क साधा आहे. लग्नपत्रिका वाटताना गावभर फिरणारा माणूस सख्ख्या भावाच्या घरी अक्षता द्यायला विसरतो, कारण भाऊ पाहुणा आहे हे त्याच्या डोक्यातच नसतं. मॉर्मनांच्या लेखी ज्यू परके नव्हते, घरचे होते. आणि या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे, की सुरुवातीच्या मॉर्मनांनी ज्यूंना जे काही दिलं आणि जे काही नाकारलं, ते दोन्ही या ‘घरचे’पणातूनच आलं. त्याला ज्यूप्रेम म्हणून टाळ्या वाजवणारे आणि ज्यूद्वेष म्हणून बोट दाखवणारे, दोघंही अर्धंच पाहतात.

या नात्याचं मूळ १८३० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पामायरा इथे छापून निघालेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये आहे. इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमाराला लेही नावाचा एक माणूस कुटुंबकबिला घेऊन जेरुसलेम सोडतो, समुद्र ओलांडून अमेरिकेत येतो आणि त्याच्या वंशजांची पुढे राष्ट्रं होतात, असं ते कथानक. अमेरिकेचे मूळ रहिवासी म्हणजे इस्राएलचीच हरवलेली शाखा, ही कल्पना स्मिथची एकट्याची नाही. त्या काळी न्यू इंग्लंडपासून न्यूयॉर्कपर्यंत ती हवेतच होती. मॉर्डेकाय नोहा या ज्यू पत्रकार-मुत्सद्द्याने १८२५ साली बफेलोजवळच्या ग्रँड आयलंडवर ज्यूंसाठी ‘अरारात’ नावाची वसाहत जाहीर केली, तेव्हा त्यानेही या मूळ रहिवाशांना इस्राएलच्या वंशात जमा केलं होतं. स्मिथने केलं ते निराळं. त्याने या कल्पनेचं धर्मशास्त्र केलं.

त्या ग्रंथात ज्यूंविषयी दोन सूर आहेत आणि ते दोन्ही मोठ्याने वाजतात. एका ठिकाणी देव बिगरज्यूंना खडसावतो : माझ्या प्राचीन करारातल्या लोकांची, ज्यूंची, तुम्ही आठवण ठेवली का? नाही. तुम्ही त्यांना शिव्याशाप दिलेत, त्यांचा द्वेष केलात. तुमच्या हातातलं बायबल आलं कुणाकडून? दुसरीकडे, ज्यूंची हेटाळणी आणि थट्टा आता बंद करा, असा स्पष्ट हुकूम आहे. १८३० साली एका ख्रिस्ती म्हणवणाऱ्या ग्रंथात हे असावं, ही लहान गोष्ट नाही. पण त्याच ग्रंथात, स्वतःच्या देवाला क्रूसावर चढवील असं पृथ्वीच्या पाठीवर दुसरं राष्ट्र नाही, हेही वाक्य आहे. म्हणजे युरोपने हजार-दीड हजार वर्षं घोकलेला आरोप जसाच्या तसा. या दोन सुरांत विसंगती आहे असं मला वाटत नाही. घरातल्या माणसाबद्दल माणूस असंच बोलतो : बाहेरच्याने नाव ठेवलं तर अंगावर धावून जातो, आणि आत आल्यावर स्वतः त्याहून वाईट बोलतो.

नातं म्हणजे नेमकं कोणतं? बायबलमधल्या याकोबाला बारा मुलगे. ज्यू हे त्यातल्या यहूदाचे वंशज. मॉर्मनांनी स्वतःला जोडून घेतलं योसेफाशी, त्यातही त्याच्या एफ्राईम या मुलाशी. मॉर्मन मंडळीत ‘पेट्रिआर्क’ नावाचा अधिकारी असतो. तो डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो आणि त्यात तुमचं कुळ सांगतो. लँकशायरच्या गिरणीतला विणकर असो की डेन्मार्कचा शेतकरी, बहुतेकांना ‘तू एफ्राईमचा’ असंच सांगितलं जाई. आपल्याकडे गोत्र विचारतात. इथे गोत्र सांगितलं जातं. १८३९ साली तर स्मिथने असं शिकवलं, की इस्राएलच्या रक्ताचा नसलेला माणूस मंडळीत आला तर पवित्र आत्मा त्याच्या अंगातलं जुनं रक्त काढून टाकतो आणि तो खरोखरीचा अब्राहामाचा वंशज होतो. रूपक वगैरे काही नाही; रक्तच.

इतर ख्रिस्ती पंथांपेक्षा मॉर्मन इथे वेगळे पडतात. जुनी ख्रिस्ती समजूत अशी, की ज्यूंनी मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार येशू, नाकारला, म्हणून देवाने त्यांच्याशी केलेला करार आता ख्रिस्ती मंडळीकडे आला; ज्यू म्हणजे मुदत संपलेला भाडेकरू. मॉर्मनांनी ज्यूंना घराबाहेर काढलं नाही. त्यांनी स्वतःला त्याच वाड्याच्या दुसऱ्या सोप्यात आणून बसवलं. मात्र या वाड्यात थोरलेपण एफ्राईमकडे. शेवटच्या दिवसांत हरवलेल्या वंशांना एफ्राईमच्या मुलांच्या हातून मुकुट मिळेल आणि यहूदाचा वंशही त्याच्या दुःखभोगानंतर शुद्ध होईल, असं स्मिथच्या एका साक्षात्कारात आहे. भाऊ खरा, पण धाकटा, आणि चुकलेला. कर्तेपण आपल्याकडे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हा स्वर ओळखीचा वाटेल. (उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाला व्यापाऱ्यांना विकून टाकण्याची सूचना यहूदाचीच होती. या दोन घरांचं जुनं येणं-देणं आहे.)

आता प्रत्यक्ष माणसं. १८३६च्या जानेवारीत ओहायोतल्या कर्टलंड गावी स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हिब्रू शिकायला घेतलं. आधी डॅनिएल पेशोटो या ज्यू डॉक्टरशी बोलणी झाली होती, ती फिसकटली. मग आले जोशुआ सेशस. न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्राएल या जुन्या सभास्थानाचे प्रमुख गेर्शोम मेंडेस सेशस यांचे हे चिरंजीव, हिब्रू व्याकरणाचे लेखक. सात आठवडे, चाळीस विद्यार्थी, तीनशे वीस डॉलर, असा सौदा ठरला. शेतकरी, सुतार, शाळामास्तर यांनी न तापलेल्या खोल्यांत बसून धातुरूपं घोकली. मला या दृश्याविषयी मनापासून आदर वाटतो. ‘आम्हाला थेट देव सांगतो’ असं मानणाऱ्या पंथाचा संस्थापक वर्गात विद्यार्थी म्हणून बसतो, आणि मूळ भाषेत देवाचं वचन वाचताना जीव सुखावतो असं रोजनिशीत लिहितो, हे धर्मसंस्थापकांच्या इतिहासात वारंवार घडत नाही.

त्याच रोजनिशीत ३० जानेवारीला मास्तरांविषयी एक नोंद आहे. शिकवणं सुरू होऊन चार दिवस झालेले. स्मिथ लिहितो, की हा माणूस देवाने आपल्या लोकांच्या भल्यासाठी निवडलेलं पात्र आहे. आणि लगेच स्वतःला आवरतो, की पुरे, नाहीतर मी त्याच्या डोक्यावर भविष्यच सांगायला लागेन. नोंद गमतीची आहे, प्रेमळ आहे. पण तिच्यात सगळा प्रश्न आलेला आहे. समोर एक पगारी शिक्षक उभा आहे. त्याला सात आठवड्यांनी दुसऱ्या गावी जायचंय. चार दिवसांत त्याचं पात्र ठरलं, त्याची भूमिका लिहूनही झाली. सेशस मॉर्मन झाले नाहीत. शिकवलं आणि निघून गेले.

हाइडचा प्रवास याच गोष्टीची मोठी आवृत्ती आहे. एप्रिल १८४०मध्ये त्याच्यावर जेरुसलेमची कामगिरी सोपवली गेली. सोबतीला दिलेला जॉन पेज अमेरिकेबाहेर पडलाच नाही. लहानपणी अनाथ झालेला हाइड लंडनला पोचला आणि त्याने इंग्लंडचे मुख्य रब्बी सॉलोमन हर्शेल यांची भेट मागितली. रब्बी अपघातामुळे अंथरुणाला खिळलेले, तेव्हा पत्र पाठवलं. पुढे हॉलंड, जर्मन मुलूख, कॉन्स्टँटिनोपल, बैरूत, याफा. २४ ऑक्टोबर १८४१, रविवार. जेरुसलेमच्या वेशीचे दरवाजे उघडताच तो बाहेर पडला, किद्रोनचा ओढा ओलांडून जैतुनाच्या डोंगरावर चढला आणि कागद, दौत, टाक घेऊन बसला. तिथे त्याने जी प्रार्थना लिहिली तिच्यात पडीक भूमी फळू दे, विखुरलेले ज्यू परत येऊ देत, राजेरजवाड्यांची मनं त्यांना अनुकूल होऊ देत, आणि त्यांचं वेगळं राष्ट्र, वेगळं सरकार होऊन दाविदाच्या वंशातला राजा त्यांच्यावर येऊ दे, अशी मागणी आहे. मग त्याने दगड रचले आणि तो खाली आला.

तारीख पुन्हा पाहावी : १८४१. ज्यूंच्या स्वतंत्र देशाची चळवळ उभी करणाऱ्या थिओडोर हर्झलचा जन्म व्हायला अजून १९ वर्षं होती. लंडनमध्ये १८०९पासून आणि न्यूयॉर्कमध्ये १८२०पासून ज्यूंसाठी ख्रिस्ती संस्था होत्या, पण त्यांच्या मुळाशी हेतू एकच, ज्यूने ज्यू राहू नये. मेरीलँड राज्यात ज्यू माणसाला सरकारी पद घेता यावं म्हणून १८२६ साल उजाडावं लागलं होतं. इंग्लंडच्या संसदेत ज्यू सभासद बसायला १८५८ उजाडायचं होतं. अशा काळात हाइडने ज्यूंसाठी बाप्तिस्मा मागितला नाही; देश आणि सरकार मागितलं. १८४५ साली बारा प्रेषितांच्या नावाने निघालेल्या जाहीरनाम्यातही हेच आहे : ज्यूंनी जेरुसलेमला परतावं, नगर आणि मंदिर बांधावं, स्वतःच्या अधिकाऱ्यांखाली आपलं राज्य उभारावं. मॉर्मनांचं स्वतःचं नवं जेरुसलेम मिसुरीतल्या इंडिपेंडन्स इथे व्हायचं होतं, म्हणून जुन्यावर त्यांचा दावाच नव्हता. दोन घरं, दोन राजधान्या. ज्यू म्हणूनच ज्यूंना भविष्य आहे, हे मानणारे लोक त्या काळच्या ख्रिस्ती जगात फार नव्हते, आणि हे श्रेय मॉर्मनांना दिलं पाहिजे.

पण जेरुसलेममधल्या त्या दिवसांत हाइडच्या गाठीभेटी झाल्या त्या मुख्यतः तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांशी. ज्या लोकांसाठी त्याने राजा मागितला, ते त्याच तटबंदीच्या आत गरिबीत, बाहेरून येणाऱ्या दानधर्मावर दिवस काढत होते. हाइड त्यांच्यासाठी आला होता, त्यांच्याकडे नव्हे. प्रार्थनेतले ज्यू पुढे येणारे होते. खाली गल्लीत राहणारे ज्यू तिच्यात नाहीत.

काही अभ्यासक म्हणतात, स्मिथला ज्यूंचं धर्मांतर नकोच होतं. तो त्यांचा करार स्वतंत्रपणे चालू आहे असं मानत होता. मला हे जरा गोड वाटतं. ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या शीर्षकपानावरच लिहिलं आहे, की येशू हाच ख्रिस्त हे ज्यू आणि बिगरज्यू दोघांना पटवण्यासाठी हा ग्रंथ आहे. धर्मांतर रद्द केलेलं नव्हतं. उद्यावर टाकलेलं होतं. ज्यू आधी परततील, मंदिर बांधतील, मग संकटाच्या घटकेला मसीहा येईल, त्याच्या हातावरच्या जखमा पाहून ते रडतील. तोवर थांबायचं. तरी मी म्हणेन, की या उद्यामुळे आजची सुटका झाली आणि ती खरी होती. ज्याच्या मतपरिवर्तनाची तारीख देवाने राखून ठेवली आहे, त्याच्या दारावर रोज जाऊन कडी वाजवायचं कारण उरत नाही.

१८४४च्या जूनमध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला मारलं. ब्रिगहॅम यंग पंथाला घेऊन पश्चिमेकडे निघाला आणि १८४७ साली आजच्या यूटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. गोड्या सरोवरातून खाऱ्या सरोवरात जाणारी नदी दिसली, तिला नाव दिलं जॉर्डन. इस्राएल लोक मिसर सोडून कनान देशाकडे निघाले, ती निर्गमाची कथा ते वाचत नव्हते, जगत होते. आणि मग या नव्या कनानात खरेखुरे ज्यू येऊन राहायला लागले.

१८५४च्या हिवाळ्यात आला सॉलोमन नुनेस कार्व्हाल्हो, चार्ल्सटनचा ज्यू चित्रकार आणि छायाचित्रकार. पश्चिमेच्या वाटा शोधणाऱ्या फ्रेमाँटच्या मोहिमेत उपाशी आणि गारठून मरायला टेकलेल्या या माणसाला पॅरोवन गावच्या मॉर्मनांनी जगवलं. पुढे त्याने यंगचं चित्र काढलं, आपल्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं, बहुपत्नीकत्वाबद्दल नाक मुरडलं आणि यजमानांबद्दल बरं लिहिलं. त्याच वर्षी ज्युलियस आणि फॅनी ब्रुक्स हे जोडपं आलं. व्यापारी येत गेले. १८६६ साली यंगने ज्यूंना दफनभूमीसाठी जागा दिली, १८६७ साली त्यांच्या नववर्षाच्या प्रार्थनेसाठी मॉर्मनांचं सेव्हंटीज हॉल उघडून दिलं. ज्यूंवर हल्ला नाही, वेगळी वस्ती नाही, कायद्याने आडकाठी नाही. त्या काळच्या अर्ध्या युरोपात हे भाग्य नव्हतं.

आणि हाच यंग डिसेंबर १८५४मध्ये व्यासपीठावरून म्हणाला होता, की ज्यूचा ख्रिस्ती करता येत नाही; यहूदाचं रक्त अंगात असलेला माणूस आमच्या मंडळीत आला तरी तो फिरणारच. स्मिथचं ते रक्ताचं धर्मशास्त्र इथे उलटून आलं. एफ्राईमचं रक्त सत्य ओळखतं, तर न ओळखणाऱ्याचं रक्तच निराळं असलं पाहिजे. गंमत अशी, की त्याच शहरात अलेक्झांडर नाइबाउर राहत होता. जन्माने ज्यू, धंद्याने दंतवैद्य, १८३८ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेला; नॉवूत स्मिथला जर्मन आणि हिब्रू शिकवणारा, मॉर्मनांसाठी स्तोत्र रचणारा, यूटामध्ये आगपेटीच्या काड्या बनवून विकणारा. १८८३ साली मेला तो मॉर्मन म्हणूनच. यंगचं वाक्य खोटं ठरवणारा माणूस यंगच्याच गावात दात काढत होता. सिद्धान्ताला त्याने काही फरक पडला नाही.

मग आला बहिष्कार. रेल्वे येऊ घातली होती, बाहेरचा माल आणि बाहेरची माणसं येणार, मॉर्मनांचा पैसा बाहेर जाणार, अशी यंगला धास्ती. १८६६च्या डिसेंबरमध्ये २३ बिगरमॉर्मन व्यापाऱ्यांनी पत्र लिहिलं, की आमचा माल आणि मालमत्ता चर्चने पंचवीस टक्के कमी भावाने घ्यावी, आम्ही निघून जातो. त्यांत ज्यू दुकानदारही होते. यंगने उत्तर धाडलं, की राहायचं तर राहा, जायचं तर जा, आम्ही काही घेत नाही. १८६८ साली चर्चने स्वतःची सहकारी पेढी काढली आणि मॉर्मनांनी ‘जेन्टाइलां’च्या दुकानात जाऊ नये असं ठरलं.

जेन्टाइल. मराठी बायबलात ज्याला ‘परराष्ट्रीय’ म्हणतात तो शब्द. त्याचा अर्थ जगात सगळीकडे एकच : जो ज्यू नाही तो. सॉल्ट लेकमध्ये जो मॉर्मन नाही तो जेन्टाइल, मग तो ज्यू का असेना. आणि सहकारी दुकानांच्या पाट्यांवर काय लिहिलं होतं? ‘परमेश्वरासाठी पवित्र’. निर्गमच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात इस्राएलच्या महायाजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीवर कोरायला सांगितलेले हे शब्द. ज्यूंच्या महायाजकाची पट्टी दुकानावर लावून ज्यूच्या दुकानात जाऊ नका असं सांगायचं, आणि सांगताना मनात ज्यूंविषयी काडीचंही वैर नसायचं. हे फक्त घरच्या माणसालाच जमतं. बहिष्कार ज्यूंवर नव्हता, हे खरं आहे. बिगरमॉर्मन प्रोटेस्टंटांनाही तो तेवढाच झोंबला. माझी तक्रार निराळीच आहे : चाळीस वर्षं ज्याच्या नावाने भविष्य सांगितलं, तो समोर काउंटरमागे उभा राहिला तेव्हा त्याच्यासाठी स्वतंत्र असा शब्दसुद्धा शिल्लक नव्हता.

हे ज्यूंपुरतं असतं तर मी एवढा जोर दिला नसता. मॉर्मन ग्रंथाप्रमाणे अमेरिकेचे मूळ रहिवासीही इस्राएलच्या घराण्याचे. त्यांच्याविषयीची आश्वासनं तर ज्यूंपेक्षाही भरघोस. १८६६च्या एप्रिलमध्ये यूटातल्या सर्कलव्हिल गावी मॉर्मन वसाहतकऱ्यांनी कैद केलेल्या पायूट लोकांना ठार मारलं, बायकामुलांसकट. ग्रंथातलं नातं जमिनीच्या आणि भीतीच्या भांडणात टिकलं नाही. ज्यूंशी जमिनीचं भांडण नव्हतं, हा ज्यूंच्या नशिबाचा भाग.

इथे मला कोकण आठवतं, आणि उगाच आठवत नाही. स्मिथचा ग्रंथ छापला जात होता त्याच सुमारास, १८२९ साली, जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी मुंबईला आला. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांमध्ये त्याला मोठा रस. त्यांच्यासाठी त्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, शाळा चालवल्या. म्हणजे ओहायोत मॉर्मन ज्यूकडून हिब्रू शिकत होते आणि मुंबईत ख्रिस्ती मिशनरी ज्यूंना हिब्रू शिकवत होता. १८५१ साली ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारकही मुंबईत उतरला, पुण्यात त्याने मूठभर लोकांची शाखाही काढली. ती फार टिकली नाही. आणि कर्टलंडच्या मंदिरात ३ एप्रिल १८३६ला एलीया संदेष्टा प्रकट झाला असं मॉर्मन मानतात, तर अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे त्याच एलीयाच्या, रथाच्या चाकाची खूण आहे असं बेने इस्राएल मानतात आणि त्याच्या नावाने मलिदा करतात. एलीयाला अंतराचं काही वाटत नसावं.

कोकणातल्या शेजाऱ्यांना हे लोक इस्राएलच्या कोणत्या वंशाचे, हे ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून अडलंही नव्हतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली. ही काही थोर सहिष्णुता नव्हे. जातींच्या उतरंडीत एक कप्पा रिकामा होता, त्यात त्यांना बसवलं, एवढंच. तेलीपणाबरोबर येणारं खालचं पानही आलंच. पण त्या नावात एक गोष्ट होती जी ‘यहूदाचा वंश’ या भारदस्त शब्दांत नव्हती : ते नाव माणसाच्या आठवड्याकडे पाहून ठेवलेलं होतं. तो कधी काम करतो, कधी करत नाही, एवढं तरी शेजाऱ्याने पाहिलं होतं.

यूटातही काळाने हळूहळू हेच केलं. १९०३ साली सनातनी ज्यूंच्या माँटेफिओरे सभास्थानाच्या कोनशिलेला मॉर्मन चर्चचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ हजर होते. १९१६ साली सायमन बँबर्गर यूटाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. पहिला बिगरमॉर्मन गव्हर्नर, आणि ज्यू. प्रचारात एका नॉर्वेजियन मॉर्मनाने ‘इथे जेन्टाइलाला मत नाही’ असं सुनावल्यावर, आजवर मला लोकांनी नाही नाही ते म्हटलं, पण जेन्टाइल कुणी म्हटलं नव्हतं, असं त्याने उत्तर दिल्याचा किस्सा सांगतात. खरा असो वा रचलेला, तो यूटामध्येच रचता येण्यासारखा आहे. भविष्यवाणीतल्या यहूदाला मत देता येत नाही. खाणी काढणाऱ्या, रेल्वे बांधणाऱ्या बँबर्गरला देता येतं.

घरचेपणाचं जुनं खातं मात्र बंद झालेलं नव्हतं. १८४०च्या ऑगस्टमध्ये नॉवूतच स्मिथने मृतांच्या वतीने बाप्तिस्मा घेण्याची रीत सुरू केली होती. जिवंत माणूस पाण्यात उतरतो, नाव मेलेल्याचं. मॉर्मन समजुतीप्रमाणे ही सक्ती नाही. परलोकात त्या आत्म्याने स्वीकारावं किंवा नाकारावं. ही रीत सगळ्या मानवजातीसाठी आहे, ज्यूंसाठी वेगळी नाही. पण १९९०च्या दशकात उघडकीला आलं, की नाझींनी मारलेल्या सुमारे ३,८०,००० ज्यूंची नावं या नोंदींत गेली आहेत. ज्यांना ज्यू म्हणून मारलं त्यांना मेल्यावर ज्यू राहू दिलं नाही, ही वाचलेल्यांची तक्रार. ज्यांनी हे केलं त्यांच्या मनात माया होती, यावर मला शंका नाही. स्मिथनेही सेशसच्या डोक्यावर हात ठेवायचा मोह मायेपोटीच आवरला होता. इथे आवरायला कुणी नव्हतं, आणि समोरचा माणूस सात आठवड्यांनी उठून निघून जाऊ शकत नव्हता.

१९९५ साली चर्चने होलोकॉस्टमधून वाचलेल्यांच्या संघटनेशी करार केला. तरीही २०१२ साली नाझी गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या सायमन विझेन्थालच्या आईवडिलांची आणि अ‍ॅन फ्रँकची नावं पुन्हा आलीच आणि चर्चला माफी मागावी लागली. पण करारातली अट वाचण्यासारखी आहे. होलोकॉस्टमध्ये मेलेल्या ज्यूचं नाव द्यायचं असेल, तर तो आज हयात असलेल्या एखाद्या मॉर्मनाचा थेट पूर्वज असला पाहिजे. नाहीतर त्याच्या हयात असलेल्या सगळ्या जवळच्या कुटुंबीयांची लेखी परवानगी पाहिजे. आधी वंशावळ दाखवा, नाहीतर घरच्यांना विचारून या.